मुलाला फिट आली तर द्यायचं इमर्जन्सी औषध: नवीन आईबाबांसाठी, खास करून नागपूरवाल्यांसाठी

निदान झालं, रोजचं औषध सुरू झालं, आणि प्रिस्क्रिप्शनच्या अगदी खाली डॉक्टरांनी अजून एक ओळ लिहून दिली, मिडाझोलाम नेझल स्प्रे, एसओएस, म्हणजे गरज पडली तरच नाकात मारायचा. घरी आल्यावर ती बाटली हातात घेऊन बहुतेक आईबाबांना एकच प्रश्न पडतो की हे द्यायचं नेमकं केव्हा आणि कसं, आणि हाच प्रश्न ओपीडीत विचारायचा राहून जातो कारण बाहेर भली मोठी लाइन असते, लेकरू रडत असतं आणि आपलं डोकं अजून "मिर्गी" या शब्दातच अडकलेलं असतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, बाप आहे, डोस तुमच्या डॉक्टरांचाच चालणार, पण तो डोस हातात आल्यावर घरी काय काय जमवून ठेवावं लागतं ते सांगतो.

पहिले हे समजून घ्या

व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम वगैरे रोजची औषधं झटका (म्हणजे फिट) येऊच नये म्हणून असतात. हे स्प्रेवालं औषध आलेला झटका थांबवायसाठी असतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, म्हणजे घरात स्प्रे आहे म्हणून रोजचा डोस चुकला तरी चालेल असं काही नाही, आणि बरेचदा डोस चुकला, झोप झाली नाही, ताप आला, यातूनच झटका येतो. तान्ह्या पोळ्याला सकाळी सकाळी मारबतीची मिरवणूक बघायची असते, मग पोट्टे दिवसभर लाकडी बैल घेऊन फिरतात, रात्री उशिरा झोपतात, अशा दिवसांत रोजच्या औषधाची वेळ जास्त सांभाळा.

दुसरं म्हणजे प्रत्येक झटक्याला हे औषध द्यायचं नसतं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, तेव्हा लेकराला कुशीवर करायचं आणि जवळ बसायचं, बस. पाच मिनिटांच्या पुढे गेलेला झटका मात्र स्वतःहून थांबायची शक्यता कमी होत जाते, आणि त्याहून महत्त्वाचं हे की झटका जितका लांबतो तितकं हे औषधही कमी काम करतं, कारण मेंदूतल्या ज्या जागांवर ते जाऊन बसतं त्या जागा लांबलेल्या झटक्यात हळूहळू कमी व्हायला लागतात. म्हणून पाच मिनिटांचा आकडा ठरवलेला आहे. काही लेकरांना आधी लांब झटके येऊन गेलेले असतात, किंवा एकामागून एक झटके येतात, त्यांच्यासाठी डॉक्टर तीन मिनिटांवर किंवा इतक्या वेळात इतके झटके आले तर द्या असं वेगळं सांगतात. तुमचा आकडा तुमच्या कागदावरचा, शेजारच्यांचा नाही.

कागद आधी

माझ्या मते बाटलीपेक्षा कागद जास्त कामाचा आहे. झटका सुरू असताना कोणाचंच डोकं हिशोब करायच्या अवस्थेत नसतं, त्यामुळे सगळे निर्णय शांत दिवशी घेऊन ठेवायचे आणि झटक्याच्या वेळी फक्त वाचून करायचं. डॉक्टरांकडून (किंवा त्यांच्या सोबतच्या सिस्टरकडून, त्या कधीकधी जास्त नीट समजावतात) हे सगळं एका पानावर लिहून घ्या: लेकराचं आजचं वजन आणि तारीख, कोणत्या प्रकारच्या झटक्याला औषध द्यायचं, कितव्या मिनिटाला द्यायचं, किती मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बाटलीचे किती पफ (एकदा दाबलं की एक पफ), प्रत्येक नाकपुडीत किती, नाही थांबलं तर दुसरा डोस द्यायचा का आणि किती मिनिटांनी, आणि हॉस्पिटलला केव्हा निघायचं. दुसऱ्या डोसबद्दल कागदावर काही लिहिलेलं नसेल तर दुसरा डोस द्यायचा नाही, सरळ १०८ लावायचा.

"पफ" हा शब्द इथे फार घोळ करतो. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांमध्ये एका पफला अर्धा मिलिग्रॅम औषध येतं, पण त्याहून जास्त ताकदीच्याही बाटल्या आहेत. नाकातून साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोला ०.२ मिलिग्रॅम या हिशोबाने डॉक्टर डोस काढतात, आणि कितीही वजन असलं तरी १० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. म्हणजे १० किलोच्या लेकराला २ मिलिग्रॅम, अर्ध्या मिलिग्रॅमच्या बाटलीतून चार पफ, दोन इकडे दोन तिकडे. २० किलोच्या लेकराला ४ मिलिग्रॅम, म्हणजे आठ पफ. आता तेच आठ पफ दुप्पट-अडीचपट ताकदीच्या बाटलीतून मारले तर काय होईल ते तुम्हीच बघा, औषध जास्त झालं की श्वास मंदावतो. हा हिशोब समजावा म्हणून सांगितला, यावरून घरी डोस काढायचा नाही, कारण लेकराला दुसरी झोपेची औषधं सुरू असतील, श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टर आकडा बदलतात.

वजन वाढतं तसा डोसही बदलतो. लहान लेकरू वर्षात दोन-तीन किलोने वाढलं तर जुना कागद कमी पडायला लागतो आणि मग "स्प्रे दिला पण काहीच झालं नाही" अशी तक्रार येते. प्रत्येक फॉलोअपला वजन करून कागदावरची तारीख नवीन करून घ्या.

बाटली आणताना

मिडाझोलाम हे शेड्यूल एच-वनमधलं औषध आहे, लाल चौकटीची सूचना असते त्यावर, दुकानदाराला रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं. त्यामुळे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणार नाही, आणि कोणी तसंच देत असेल तर त्या दुकानापासून लांब राहा. धंतोली, रामदासपेठ या भागात हॉस्पिटलं दाटीवाटीने आहेत, तिथल्या दुकानांत किंवा मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या आसपास सहसा मिळून जातं, गल्लीतल्या दुकानात बरेचदा "मागवून देतो, परवा या" ऐकावं लागतं. म्हणून बाटली संपायच्या किंवा एक्सपायर व्हायच्या आधी मागवा, गरज पडल्यावर नाही. आणि पैशांची सोय असेल तर दोन घ्या, एक घरची, एक लेकरासोबत फिरणारी.

एका दुकानात आम्हाला कागदावर लिहिल्यापेक्षा जास्त ताकदीची बाटली "सेमच आहे भाऊ, फक्त कंपनी वेगळी" म्हणून देऊन राहिले होते. सेम नव्हती. बायकोने खोक्यावरचं बारीक अक्षर मोबाइलची टॉर्च मारून वाचलं म्हणून कळलं. तेव्हापासून आमचा नियम आहे, काउंटर सोडायच्या आधी तीन गोष्टी वाचायच्या: एका पफला किती मिलिग्रॅम, एक्सपायरी, आणि सील. ब्रँड बदलला की डॉक्टरांना फोन करून पफचा आकडा परत विचारायचा. घरी आल्यावर बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून जाड मार्करने पफ लिहायचे, जसं की "२ + २". चष्मा नसताना आजोबांनाही वाचता आलं पाहिजे इतकं मोठं.

अजून एक काम. केमिस्टकडे सर्दीसाठी साधा सलाइनचा नेझल स्प्रे मिळतो, फार महाग नसतो, तो आणून घरातल्या प्रत्येकाने हवेत दाबून बघा. हे ऐकायला येडपटपणा वाटतं पण किती जोरात दाबायचं, बोटं कुठे धरायची, पूर्ण दाबलं नाही तर नुसता थेंब गळतो, हे हाताला आधी माहीत असलं की फार फरक पडतो.

झटका आला

समजा आला. सगळ्यात आधी वेळ. मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा किंवा भिंतीवरच्या घड्याळात बघून जोरात बोला, "आठ वाजून दहा". झटक्यात एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, अंदाजाने वेळ कधीच बरोबर येत नाही. मग लेकराला जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी, शर्टाचं गळ्याजवळचं बटन मोकळं, चष्मा काढा, जवळचा स्टूल-टेबल सरकवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नका, जीभ गिळली जात नाही, पण दात तुटतात आणि तुमचं बोटही फाटतं. पाणी पाजू नका.

आणि कांदा, चप्पल हुंगवणं बंद. घरातल्या मोठ्या माणसांशी यावर त्याच वेळी वाद घालत बसू नका, त्यांना काम द्या. आमच्याकडे बायको सासूबाईंना म्हणते, "आई, तुम्ही फक्त घड्याळ बघा अन् दर मिनिटाला मला सांगा." त्या एकदम सिरीयसली मिनिटं मोजतात, कांद्याची आठवणही येत नाही, आणि खरं सांगायचं तर घरात त्यांच्याइतकं नीट टायमिंग कोणीच ठेवत नाही.

दुसऱ्या माणसाने या वेळात बाटली आणि कागद आणून ठेवायचा. घरात एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजाऱ्यांना बोलवा. पाच मिनिटं व्हायची वाट बघून मग बाटली शोधायला निघालात तर सात-आठ मिनिटं कुठे जातात कळत नाही. आणि शक्य असेल तर कोणीतरी थोडा व्हिडिओ घ्या, डोळे कुठे वळलेत, कोणत्या बाजूचा हात हलतोय हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं, पण व्हिडिओच्या नादात औषध लांबलं असं होऊ नये.

कागदावरचं मिनिट आलं की:

बाटली उभी धरून हवेत दाबायची, बारीक फवारा दिसेपर्यंत. नवीन बाटलीत किंवा बरेच दिवस न वापरलेल्या बाटलीत पहिले काही दाब रिकामे जातात, ते लेकराच्या नाकात मोजले की डोस अर्धाच गेला समजा. किती वेळा दाबायचं ते सोबतच्या पत्रकात असतं, ते आधीच वाचून ठेवा. नाकात शेंबूड किंवा तोंडात फेस असेल तर रुमालाने पुसून घ्या. डोकं थोडं वर राहील असं धरा, मागे पूर्ण टाकू नका, नाही तर औषध घशात उतरतं. नोझल नाकपुडीत थोडं आत, टोक बाहेरच्या बाजूला म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्याकडे, आणि एका दमात पूर्ण दाब. एक इकडे, एक तिकडे, असं आलटून पालटून, आणि मोजायचं मोठ्याने. मनात मोजलं की हमखास चुकतं. झालं की परत कुशीवर.

नाकातून दिल्यावर काही मिनिटांत असर सुरू होतो. लेकरू डोकं फिरवेल, थोडं जळजळतं म्हणून शिंकेल, घाबरू नका.

नाक सर्दीने पूर्ण बंद असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर नाकातला डोस नीट शोषला जात नाही. ज्या लेकराला बाराही महिने सर्दी त्याच्या आईबाबांनी हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. मिडाझोलाम गालाच्या आत, खालची हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खोबणीतही देता येतं, दात घट्ट मिटलेले असले तरी तिथे जागा असते. बाहेरच्या देशांत त्यासाठी डोस भरलेल्या तयार सिरिंज मिळतात. आपल्याकडे काही डॉक्टर दुसऱ्या रूपातलं औषध गालात द्यायला शिकवतात, पण तिथला डोस नाकातल्या डोसपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे समोर बसून करून दाखवल्याशिवाय हे करायचं नाही. गुदद्वारातून डायझेपाम द्यायची पद्धत याहून जुनी आहे, अजूनही चालते, फक्त शाळेत किंवा चालत्या गाडीत ते देणं किती अवघड आहे सांगायला नको.

औषध दिल्यावर खरं लक्ष

झटका थांबला की आपण सगळे एकदम सैल पडतो, आणि नेमकं तेव्हाच लक्ष ठेवायचं असतं. लेकरू गाढ झोपेल, ते औषधानेही आणि झटक्याच्या थकव्यानेही. छाती नियमित वरखाली होतेय का बघा, हात ठेवून बघा. ओठ, जीभ निळसर पडत असतील, श्वास फार हळू किंवा घरघरत अडकत येत असेल, हाक मारून चिमटा काढूनही काहीच हालचाल नाही, तर लगेच १०८. खाऊ-पाणी पूर्ण जागं झाल्यावरच. एकटं सोडून स्वयंपाकघरात जायचं नाही.

याशिवाय १०८ केव्हा: डोस देऊन पाच मिनिटं झाली आणि झटका सुरूच आहे, झटका थांबला पण शुद्धीवर यायच्या आधीच दुसरा आला, पडून डोक्याला मार लागला, झटका पाण्यात आला, आयुष्यातला पहिलाच झटका आहे, किंवा हे औषध तुम्ही पहिल्यांदाच देताय. पहिल्या वेळी कोणत्या लेकराला किती गुंगी येईल हे कळायचं असतं, म्हणून बरेच डॉक्टर पहिल्या डोसला हॉस्पिटलच्या जवळपास राहायला सांगतात. १०८ ला फोन लावल्यावर आधी पत्ता आणि जवळची खूण, मग "लहान मूल, झटका सुरू आहे, मिडाझोलाम इतक्या वाजता दिलं". बाटली आणि कागद सोबत न्या, कारण तिथे शिरेतून परत तशाच प्रकारचं औषध देतील, घरी किती दिलं हे त्यांना माहीत असायलाच पाहिजे. रात्री लहान मुलांची इमर्जन्सी घराच्या जवळ कुठे चोवीस तास चालू असते, मेडिकल जवळ पडतं, मेयो की मिहानकडचं एम्स, ते शांत दिवशी एकदा गाडी काढून बघून या.

नागपूरचा उन्हाळा

बहुतेक बाटल्यांवर २५ किंवा ३० डिग्रीच्या आत ठेवा, उन्हापासून वाचवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असतं, आणि घर बंद करून दोन दिवस लग्नाला गेलं की वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या कपाटात काय भट्टी होते ते नवतपात एकदा हात लावून बघा. कूलर चालतो त्या खोलीत, खालच्या कप्प्यात, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा (खालचा कप्पा आणि हात न पोहोचणं हे दोन्ही जमवायला आम्ही कुलूपवाला छोटा डबा केला आणि चावी वरच खिळ्याला). फ्रीझरमध्ये कधीच नाही. पार्क केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर, स्कूटीच्या डिक्कीत अजिबात नाही, पाच मिनिटांचं काम म्हणून बर्डीच्या बाजारात गेलं तरी बाटली पर्समध्ये घेऊन उतरायचं. इन्सुलिनवाले लोक जी थंड राहणारी पाऊच वापरतात ती प्रवासाला मस्त, फक्त बर्फाचा पॅक बाटलीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कापड ठेवा.

समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे निघालात तर एका इंटरचेंजपासून दुसऱ्यापर्यंत बराच वेळ बाहेर पडता येत नाही, तेव्हा बाटली डिक्कीतल्या बॅगेत नको, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हाताशी पाहिजे. झटका आलाच तर गाडी बाजूला सुरक्षित थांबवून मगच औषध, चालत्या गाडीत पफ मोजले जात नाहीत. ट्रेनमध्ये वरचा बर्थ लेकराला नाही.

शाळा आणि व्हॅन

इथे जरा चिकाटी लागते. काही शाळा लगेच तयार होतात, काही "आमची जबाबदारी नाही" म्हणतात. भांडायच्या आधी डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र, तुमचं संमतीपत्र, आणि तोच एक पानी कागद घेऊन क्लासटीचर आणि मुख्याध्यापक दोघांना भेटा. टीचरला औषध द्यायची हिंमत होत नसेल तर त्यांना निदान एवढं मान्य करायला लावा की कुशीवर करतील, वेळ बघतील, तोंडात काही घालणार नाहीत, आणि तुम्हाला फोन करायच्या आधी पाच मिनिटांवर १०८ लावतील. स्प्रे देणार असतील तर दोन माणसं शिकलेली पाहिजेत, एक सुटीवर असलं तर दुसरं. बाटली ऑफिसच्या कुलपात आणि चावी शिपायाकडे, असं असेल तर त्या बाटलीचा उपयोग नाही, हे गोड बोलून सांगा.

व्हॅनवाल्या काकांना विसरू नका. सकाळी उपाशीपोटी, अर्धवट झोपेत लेकरू त्यांच्याच गाडीत असतं. त्यांना औषध द्यायला सांगू नका, फक्त गाडी थांबवणं, कुशीवर करणं आणि दोन फोन नंबर, एवढं पुरे.

तापातल्या गोळीबद्दल

तापात झटके येणाऱ्या लेकरांना डॉक्टर कधीकधी तापाचे दोन-तीन दिवस क्लोबाझामची गोळी देतात. ती झटका टाळायसाठी आहे, झटका सुरू असताना तोंडात गोळी घालायची नाही. पॅरासिटामॉलने लेकराला बरं वाटतं, ते द्या, पण ताप उतरवला म्हणजे झटका येणारच नाही असा भरवसा धरू नका. आणि ताप असताना दुसऱ्या कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर आपल्याकडे मिडाझोलाम आहे हे सांगा, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांच्यामुळे मिडाझोलामचा असर वाढतो.

वापरल्यानंतर

एका वहीत तारीख, झटका सुरू झाल्याची वेळ, कितव्या मिनिटाला किती पफ, थांबल्याची वेळ, किती वेळ झोपलं, आदल्या दिवशी काय वेगळं झालं होतं (झोप, ताप, चुकलेला डोस) लिहून ठेवा. स्प्रे परत परत लागायला लागला तर पुढच्या फॉलोअपची वाट न बघता डॉक्टरांना कळवा, कारण मग रोजच्या औषधाचं गणित बघावं लागतं. बाटलीत किती पफ उरले याचीही त्याच वहीत नोंद ठेवा, प्रायमिंगचे, म्हणजे आधी हवेत दाबलेले धरून, आणि एका पूर्ण डोसइतके पण उरले नसतील तर त्याच आठवड्यात नवीन प्रिस्क्रिप्शन घ्या. उघडलेल्या बाटलीची मुदत खोक्यावरच्या एक्सपायरीपेक्षा कमी असू शकते, ते पत्रकात बघून उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा.